ऐंशीचं दशक बेळगावात कुठकुठल्या वाटांनी आलं

बेळगावात साठीच्या आसपासच्या कुणाशीही सिनेमा-गाण्यांच्या गप्पा मारत बसा. आधी दादा कोंडके निघतील, त्यांच्या पाठोपाठ कानडी सिनेमाचे डॉ. राजकुमार निघतील, बिनाका गीतमालेत कुठलं गाणं वर होतं यावर हुज्जत होईल आणि कुणी भीमसेनांचं कानडी दासपद लावलं की सगळ्यांचं बोलणं आपसूक थांबेल. पुण्यातल्या त्याच वयाच्या माणसाला यातलं निम्मंच ठाऊक असतं, बंगळूरच्याला उरलेलं निम्मं. असं का, म्हणून विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं, "सीमाभाग की हो आमचा, दोन्ही भाषा येतात."

उत्तर खोटं नाही, पण त्यानं फारसं काही उलगडत नाही. भाषा येत असली तरी सिनेमाची पेटी गावात यायला हवी, रेडिओवर स्टेशन लागायला हवं, कॅसेट दुकानात मिळायला हवी. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला आणि १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण सिनेमाच्या वितरकांनी, रेडिओच्या लहरींनी आणि कॅसेटवाल्यांनी ती रेषा किती मानली, हे सहसा कुणी सांगत नाही. प्रत्येकाचा नकाशा वेगळा होता. ऐंशीच्या दशकात बेळगावला काय बघायला-ऐकायला मिळालं आणि काय मिळालं नाही, ते या नकाशांवरून बरंच कळतं.

पेटी मुंबईहून यायची

हिंदी सिनेमाच्या धंद्यानं देशाकडं राज्यांच्या नकाशातून कधी बघितलंच नाही. त्याचा नकाशा सर्किटांचा. ब्रिटिश अमदानीत व्यापाराच्या सोयीनं हे भाग पडले आणि देश स्वतंत्र झाला, राज्यं बदलली, तरी तसेच राहिले: मुंबई, दिल्ली-यूपी, पूर्व पंजाब, बंगाल, सीपी-सीआय (जुना मध्य प्रांत आणि मध्य भारत), निजाम, म्हैसूर वगैरे. नावांवरूनच दिसतं की यातले काही मुलूख सरकारी नकाशावरून केव्हाच पुसले गेलेत. मुंबई सर्किटमध्ये मुंबई शहर, गुजरात, पश्चिम महाराष्ट्र आणि दक्षिणेला बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याचे जिल्हे. निजाम सर्किटमध्ये हैदराबादच्या जोडीला मराठवाडा आणि बिदर-गुलबर्गा. त्यामुळं सिनेमाच्या हिशेबात बेळगाव आणि कोल्हापूर एका घरातले, तर कोल्हापूर आणि नांदेड परके.

याचा व्यवहार असा चाले. निर्माता एका सर्किटचे हक्क एका वितरकाला विकायचा. वितरक ठरलेली रक्कम आधी मोजायचा, तिला म्हणत मिनिमम गॅरंटी. मग आपल्या भागासाठी किती प्रिंट काढायच्या, कुठल्या गावाला कधी द्यायच्या, कुठल्या टॉकीजशी टक्केवारीनं बोलायचं आणि कुठल्या टॉकीजला ठोक भाड्यानं द्यायचं, हे सगळं त्याच्या हातात. म्हणजे अमिताभचा नवा सिनेमा बेळगावात कधी लागणार, हे बंगळूरला ठरत नसे. ते ठरायचं मुंबईत, लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगमध्ये, जिथं वितरकांची कार्यालयं होती. २६ जुलै १९८२ ला 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभला जीवघेणी दुखापत झाली ती बंगळूर विद्यापीठाच्या आवारात. पुढच्या वर्षी तो सिनेमा बेळगावकरांनी बघितला, तो मात्र मुंबई सर्किटचा म्हणून.

प्रिंट म्हणजे काय, हे आता सांगायची वेळ आली आहे, कारण आजची पिढी सिनेमा 'डाउनलोड' झालेला बघते. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचं एक रीळ साधारण १००० फुटांचं. सेकंदाला २४ चित्रं या वेगानं ते अकरा मिनिटांत संपतं. हिंदी सिनेमा म्हणजे अशी पंधरा-सोळा, कधी अठरा रिळं. ती पत्र्याच्या पेट्यांतून रेल्वेनं किंवा एसटीनं यायची. प्रोजेक्टरच्या खोलीत दोन यंत्रं असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक बारीक ठिपका क्षणभर चमकायचा. तो ठिपका दिसला की ऑपरेटर दुसरं यंत्र चालू करायचा. प्रेक्षकांतले काही जाणते तो ठिपका ओळखून "आता रीळ बदलतंय बघ" म्हणायचे. ऑपरेटर डुलकीत असला की पडदा पांढरा, खाली शिट्ट्या आणि खुर्च्या बडवणं.

प्रिंट काढणं महागाचं काम, म्हणून वितरक मोजक्याच काढायचा आणि त्याच गावोगाव फिरवायचा. आधी मोठी शहरं, मग जिल्ह्याची गावं, मग निपाणी, गोकाक, अथणी, आणि शेवटी जत्रेतली टुरिंग टॉकीज. तिथं पोचेपर्यंत फिल्मवर इतक्या चरा पडलेल्या असायच्या की पडद्यावर उन्हातल्या प्रसंगातही पाऊस पडायचा. जोडताना कापत गेल्यानं एखादं गाणं अंतऱ्यावरच सुरू व्हायचं. एकच सिनेमा दोन टॉकीजमध्ये लावून, एकीकडं संपलेलं रीळ सायकलवरून दुसरीकडं पळवायचं, असले उद्योगही देशभर चालत. सायकल पंक्चर झाली की दुसऱ्या टॉकीजचं मध्यंतर लांबायचं.

कानडी सिनेमाचा कारभार बंगळूरच्या गांधीनगरातून चाले. गंमत म्हणजे त्यांच्याही वहीत आमच्या भागाचं नाव 'बॉम्बे-कर्नाटक' असंच होतं. राज्य एक झालं तरी कानडी चित्रपटाचे हक्क विकताना जुना म्हैसूरचा मुलूख निराळा, आम्ही निराळे. सरकारनं या भागाला कित्तूर कर्नाटक हे नाव दिलं २०२१ मध्ये. धंद्यातली माणसं जुनंच नाव वापरत राहिली तर मला नवल वाटणार नाही.

मराठी सिनेमा यायचा मुंबई-कोल्हापूरच्या वितरकांकडून. बेळगाव त्यांना परक्या राज्यातलं गाव वाटत नव्हतं, हक्काचं गिऱ्हाईक वाटत होतं. दादा कोंडके तर इथं घरचेच. त्यांच्या ओळीनं नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले, म्हणून गिनीज बुकात नोंद झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला विचाराल तर त्यांचं सीमाभागातलं यश फक्त द्वयर्थी संवादांचं नव्हतं. त्यांचा भोळा, नाडी लोंबणारा नायक ज्या बोलीत बोलायचा ती निपाणी-संकेश्वरच्या बाजारात ऐकू येणारीच बोली. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या नाटकी मराठीपेक्षा ती आमच्या कानाला जवळची. १९८५ नंतर महेश कोठारे आणि सचिन यांचे विनोदी सिनेमे आले, लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ घराघरांत गेले, हे सगळं जसं महाराष्ट्रात झालं तसंच इथंही झालं. त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

उलट सांगण्यासारखं आहे ते न आलेल्याबद्दल. ऐंशीच्या दशकात दक्षिणेतला सर्वांत मोठा तारा होता शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. बंगळूरला वाढलेला, घरात मराठी, आधी बसचा कंडक्टर. मराठी माणूस, कर्नाटकातला, मग सीमाभागानं त्याला डोक्यावर घ्यायला हवं होतं ना? पण त्याचं मुख्य काम तमिळमध्ये आणि तमिळ सिनेमाला आमच्याकडं वाट नव्हती. बेळगावला तो नीट भेटला १९८३ च्या 'अंधा कानून'सारख्या हिंदी सिनेमांतून, आणि तोही अमिताभच्या सावलीत. भाषा, आडनाव, राज्य सगळं जुळूनही सर्किट जुळलं नाही, तर माणूस गावात येत नाही.

एका बाबतीत मात्र राज्याची रेषा अगदी पक्की होती. ती म्हणजे करमणूक कर. तिकिटावरचा हा कर तेव्हा राज्य सरकारचा. महाराष्ट्र सरकारनं १९७५ मध्ये मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना आणली. चित्रपटानं भरलेला करमणूक कर निर्मात्याला पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी परत मिळायचा. मराठी सिनेमा त्या काळात तगला, त्यात या योजनेचा वाटा मोठा. पण महाराष्ट्र परत करणार तो महाराष्ट्रात जमलेला कर. निपाणीत तिकीट काढणाऱ्याचा कर कर्नाटकाच्या तिजोरीत, आणि कर्नाटकाच्या सवलती व अनुदानं साहजिकच कानडी चित्रपटांसाठी. कागलचा प्रेक्षक पुढच्या मराठी सिनेमाला नकळत हातभार लावत होता. पलीकडं वीसेक किलोमीटरवरचा निपाणीचा प्रेक्षक तोच सिनेमा, तितक्याच आवडीनं बघत होता, पण त्याच्या कराचा त्या सिनेमाला काही उपयोग नव्हता.

दिवसा धारवाड-सांगली, रात्री सगळं जग

रेडिओचं गणित वेगळं, कारण तिथं माणसांपेक्षा निसर्गाचं चालायचं. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० पासूनचं, सांगलीचं १९६३ पासूनचं. दोन्ही मीडियम वेव्हवर. बेळगाव या दोन्हींच्या मध्ये, आणि दिवसा दोन्ही स्पष्ट लागायची. एकाच काट्यावर थोडं इकडं फिरवलं की कानडी शेतकी कार्यक्रम, थोडं तिकडं फिरवलं की मराठी. धारवाडवर मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांचं गाणं. सांगलीवर मराठी भावगीतं आणि सकाळी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, ज्यांच्यासोबत सुधा नरवणे यांचा आवाज अनेकांच्या डोक्यात कायमचा बसलाय.

मग रात्री अचानक लांबलांबची केंद्रं कुठून यायची? मीडियम वेव्हच्या लहरी दोन वाटांनी प्रवास करतात. एक जमिनीला धरून, शे-दीडशे किलोमीटर, जमीन आणि ट्रान्समीटरची ताकद असेल तसं. दुसरी आकाशाकडं. दिवसा सूर्याच्या किरणांमुळं साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो, तो आकाशाकडं जाणाऱ्या या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी त्याहून उंच असलेल्या थरांवर आपटून परत खाली, शेकडो किलोमीटर दूर येऊन पडतात. म्हणून रात्री पुणे, मुंबई, हैदराबाद, मद्रास एकमेकांच्या अंगावर. एक स्टेशन धरावं तर मागून दुसऱ्याची शीळ. रेडिओ उचलून खिडकीकडं, कपाटावर, आडवा करून बघायचा, कारण आतल्या फेराइट दांडीची, म्हणजे रेडिओच्या अँटेनाची, दिशा बदलली की एक केंद्र दबतं आणि दुसरं उठतं. हे तंत्र शाळेत शिकवलेलं नसताना आमच्या आज्यांना जमायचं.

रेडिओ सिलोन आणखी निराळं. ते शॉर्ट वेव्हवर, आणि त्या लहरी दिवसाही वरच्या थरांवरून परत येतात, म्हणून श्रीलंकेतून बोललेलं बेळगावात ऐकू यायचं. अमीन सायानी यांची गीतमाला १९५२ पासून तिथून चालू होती, बुधवारी रात्री आठला. १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली. या एका कार्यक्रमापुरतं बेळगाव, बनारस आणि बडोदा यांच्यात काही फरक उरत नव्हता. हिंदी गाण्यांच्या बाबतीत सीमाभागाचं वेगळेपण शोधायला जाऊ नये, ते नाहीच.

कॅसेट: जिला हद्दच नव्हती

सिनेमाला वितरक लागतो, रेडिओला केंद्र लागतं. कॅसेटला लागायची एक खोली, दोन-चार यंत्रं आणि वीज. माझ्या मते ऐंशीच्या दशकाला खऱ्या अर्थानं कुणी वळण दिलं असेल तर ते टीव्हीनं नव्हे, कॅसेटनं.

त्याआधी गाण्याच्या तबकड्या निघायच्या त्या मुख्यतः एचएमव्हीच्या. तबकडी दाबायला कारखाना लागतो, भांडवल लागतं, म्हणून कंपनी देशभर खपेल तेच काढणार. जत्रेत म्हणायचं यल्लम्माचं गाणं किंवा गल्लीतल्या शाहिराचा पोवाडा यांच्यासाठी कोण कारखाना चालवेल? कॅसेट तयार करणं स्वस्त. हजार-दोन हजार खपल्या तरी भागायचं. त्यामुळं बोलीतली, जातीपातीतली, देवळातली, जत्रेतली गाणी पहिल्यांदा बाजारात आली. सौंदत्तीच्या यल्लम्माला कर्नाटकातून माणूस येतो तसाच कोल्हापूर-सांगलीतूनही येतो. तिची गाणी दोन्ही भाषांत. अशा ठिकाणी कॅसेटच्या दुकानाला राज्य कुठलं हा प्रश्नच पडत नाही. समोरच्याच्या डोक्याला पटका आहे की टोपी, एवढं बघून कॅसेट पुढं सरकवायची. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज याच वाटेनं सीमाभागातल्या प्रत्येक टेम्पोत आणि ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजची गोष्ट बरेच जण अर्धवट सांगतात. दिल्लीच्या दर्यागंजातला फळांचा रस विकणारा माणूस स्वस्त कॅसेट विकून मोठा झाला, एवढी. त्यातला कळीचा भाग कायद्याचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती. गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाल्यावर दोन वर्षं उलटली की दुसऱ्या कुणालाही नोटीस देऊन आणि ठरलेलं मानधन भरून त्याच गाण्याचं स्वतःचं नवं ध्वनिमुद्रण काढता येत असे. मूळ रेकॉर्डची नक्कल करायची नाही, नव्या गायकाकडून, नव्या वादकांकडून गाऊन घ्यायचं. या फटीतून टी-सिरीजनं जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या कॅसेट काढल्या, एचएमव्हीपेक्षा कितीतरी कमी दरात. नव्या गायकांना त्यानं दारं उघडली. अनुराधा पौडवाल त्याआधीपासून गात होत्या, पण घराघरातल्या आरत्या-भजनांचा आवाज झाल्या त्या या कॅसेटमुळं. त्यांचा जन्म कारवारचा, म्हणजे सर्किटच्या भाषेत आमच्याच शेजारचा.

कायदेशीर कॅसेट एक, आणि रेकॉर्डिंगचं दुकान दुसरं. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी करून द्यायची, सोबत टीडीके किंवा सोनीची कोरी कॅसेट. दुकानदार यादी वाचून आधी हिशेब घालायचा. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. "सात गाणी बसतात एका साइडला. आठवं अर्ध्यात तुटंल, काय करू?" मग गिऱ्हाईक एक गाणं खोडायचं किंवा "तुटू दे की, त्यातलं पहिलं कडवंच पाहिजे" म्हणायचं. आठवड्यानं कॅसेट मिळायची, आतल्या पुठ्ठ्यावर दुकानदाराच्या सुवाच्य अक्षरात गाण्यांची नावं, अर्धी देवनागरीत, अर्धी कानडीत. असल्या कॅसेटवर लता मंगेशकरांनंतर एकदम कानडी गाण्यांचे पी. बी. श्रीनिवास यायचे, त्यानंतर भिमगीत, त्यानंतर कुमार सानूच्या आधीच्या जमान्यातला किशोरकुमार. हा सगळा कारभार बेकायदा होता, यात शंका नाही. पण सीमाभागाची खरी आवड कुठल्या एका ठिकाणी नोंदली गेली असेल तर ती या याद्यांवर, आणि त्या कुणी जपल्या नाहीत.

भीमसेन जोशी हे या काळातलं सीमाभागाचं सर्वांत लाडकं नाव. गदग भागातला जन्म, मातृभाषा कानडी, मुक्काम पुणे. मराठी अभंग आणि पुरंदरदासांची कानडी पदं, दोन्हींच्या कॅसेट एकाच कपाटात. पुण्याला ते आपले वाटतात, धारवाडला आपले वाटतात आणि बेळगावला या वादाचं हसू येतं. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर 'मिले सुर' लागलं तेव्हा सुरुवात त्यांच्याच आवाजानं झाली. कुमार गंधर्व तर बेळगावजवळच्या सुळेभावीचे. पण देवासला स्थायिक झालेल्या कुमारांचं निर्गुणी भजन पचवायला जरा तयारीचा कान लागायचा, त्यामुळं ट्रॅक्टरवर ते कधी वाजलं नाहीत.

पु. ल. देशपांडे यांचीही एक जागा इथं आहे. ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि इथल्या कृष्णराव हरिहरांवरचं त्यांचं 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र कॅसेटवर महाराष्ट्रभर ऐकलं गेलं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या माणसाच्या मनात बेळगावचं जे चित्र तयार झालं, शिव्या घालणारा, दिलदार, कानडी हेल काढणारा माणूस, त्यात त्या अर्ध्या-पाऊण तासाचा हात मोठा आहे. इथल्या काहींना त्याचा अभिमान, काहींना कंटाळा. मी दोन्हीकडं थोडाथोडा.

नटाच्या हाकेचं राजकारण

लोकप्रिय माणसं फक्त करमणूक करत नसतात, हे सीमाभागाला याच दशकात कळलं. कवी वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९८१ च्या जानेवारीत अहवाल दिला: माध्यमिक शाळेत पहिली भाषा कानडीच असावी. गोकाक म्हणजे परका माणूस नव्हे. एकेकाळी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य. अहवाल अंमलात यावा म्हणून साहित्यिकांनी आंदोलन सुरू केलं, ते आधी सभा-ठरावांपुरतं राहिलं. १९८२ मध्ये डॉ. राजकुमार त्यात उतरले आणि चित्र पालटलं. गर्दी साहित्यिकांना जमली नव्हती ती नटाला जमली. मुख्यमंत्री गुंडूराव यांच्या सरकारला नमतं घ्यावं लागलं. १९८३ च्या निवडणुकीत काँग्रेस कर्नाटकात पहिल्यांदा हरली, रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री झाले. तिकडं तेलुगू नट एन. टी. रामाराव त्याच महिन्यात आंध्रचे मुख्यमंत्री झाले होते, तमिळ नट एमजीआर तमिळनाडूत आधीपासूनच होते. राजकुमार मात्र कुठल्याच पक्षात गेले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा मानायला हरकत नाही.

पण इथल्या मराठी माणसाची अडचण वेगळी. ज्याची गाणी आपण गुणगुणतो, त्याच्याच हाकेमुळं पोराच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला. पुढं प्राथमिक शाळेत कानडी सक्तीची करण्याचं धोरण आलं आणि १ जून १९८६ ला त्याविरुद्ध आंदोलन पेटलं. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. हिंडलगा इथल्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी १ जूनला अभिवादन होतं ते यासाठीच. त्या वेळी शरद पवार, छगन भुजबळ हे नेते पोलिसांची नाकेबंदी चुकवत, वेष पालटून बेळगावात शिरले होते. टॉकीजमध्ये असलं कथानक दाखवलं असतं तर लोकांनी "काय पण बनवतात" म्हणून हसून सोडून दिलं असतं.

या सगळ्यानंतरही राजकुमारांचे सिनेमे बेळगावात लागत राहिले आणि मराठी माणसं ते बघत राहिली, असं वय झालेली मंडळी सांगतात. मला ते पटतं. गाणं आणि धोरण या दोन गोष्टी लोक मनात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू शकतात.

दिल्लीहून थेट, दोन्ही राजधान्या टाळून

टीव्ही आला तो आणखी चौथ्याच नकाशानं. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं, पण ते बेळगावच्या आवाक्यात नव्हतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी उपग्रह गेला आणि १९८४ मध्ये सरकारनं गावोगाव लघुशक्ती प्रक्षेपक बसवण्याचा सपाटा लावला. काही महिने तर जवळपास रोज एक. असा प्रक्षेपक अवघ्या शंभर वॅटचा, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाइतक्या ताकदीचा. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून झेलायचा आणि आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये पसरवायचा, एवढंच त्याचं काम. त्यामुळं शहरात चित्र स्वच्छ आणि खानापूरच्या बाजूला बांबूवर बांबू बांधून अँटेना चढवला, बूस्टर लावला, तरी मुंग्याच.

दिल्लीचाच कार्यक्रम म्हणजे हिंदीच. बेळगावच्या टीव्हीवर मुंबईची मराठी नाटकं नव्हती आणि सुरुवातीला बंगळूरचं कानडीही नव्हतं. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झालं, मग 'बुनियाद'. १९८६-८७ मध्ये शंकर नाग यांनी आगुंब्यात चित्रित केलेली 'मालगुडी डेज' आली. कर्नाटकातलं गाव, कानडी दिग्दर्शक, आणि बेळगावला ते दिसलं दिल्लीमार्गे हिंदीतून. मराठी वाहिनी उपग्रहावरून मिळायला १९९४ उजाडलं.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला 'रामायण' आणि १९८८ च्या २ ऑक्टोबरपासून 'महाभारत'. रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घालायचे, हे देशभराचं वर्णन इथंही लागू. इथलं वेगळं एवढंच की बैलहोंगलकडची, गोकाककडची निव्वळ कानडी घरंही ते हिंदीतच बघत होती आणि त्याला एक कारण होतं. परभाषेतला चित्रपट किंवा मालिका कानडीत डब करायची नाही, असा कर्नाटकातल्या चित्रपटसृष्टीचा साठच्या दशकापासूनचा दंडक होता. कायदा नव्हे, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. स्थानिक कलाकारांच्या पोटावर पाय येऊ नये हा हेतू, आणि तो हेतू चुकीचा म्हणता येत नाही. परिणाम मात्र असा की कानडी प्रेक्षकाला हिंदी हिंदीतूनच घ्यावं लागलं, आणि आमच्याकडं मराठीसुद्धा मराठीतूनच. बेळगावातल्या कानडी माणसाला दादा कोंडके कळायचे, त्याचं एक कारण हेही आहे.

२०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं या बंदीविरुद्ध निकाल दिला, संबंधित संस्थांना दंड केला. तरी मालिका डब व्हायला वेळ गेला. २०२० च्या टाळेबंदीत नव्या मालिकांचं चित्रीकरण थांबलं, वाहिन्यांना दाखवायला काही उरलं नाही आणि तेव्हा कुठं 'महाभारत' कानडीत डब होऊन आलं. तेही १९८८ चं नव्हे, २०१३ चं. त्याच दिवसांत दूरदर्शननं जुनं 'रामायण' पुन्हा दाखवलं, हिंदीतच, आणि बेळगावातल्या दोन्ही भाषांच्या घरांत ते पुन्हा बघितलं गेलं.